नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ आणि आपलं डोंबिवली स्टेशन

खिडकीवाली
नमस्कार मंडळी. रविवारी रात्री लेक (पाचवीत आहे) माझा ऑफिसचा कॅल्क्युलेटर घेऊन बसली होती. ११ गुणिले ११ केलं, आलं १२१. मग १११ गुणिले १११, आलं १२३२१. मग चार एक, पाच एक, सहा एक, प्रत्येक वेळी उत्तर चढत जातं आणि तसंच उतरतं. सातव्याला कॅल्क्युलेटरने हात टेकले, बारा आकड्यांचाच आहे तो. मग मोबाईलवर केलं आणि नऊ एकांना आलं १२३४५६७८९८७६५४३२१. घरात अक्षरशः आरडाओरडा झाला.

आणि मग अर्थातच दहा एक. आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. लेकीचा चेहरा उतरला, "आई हा मोडला" म्हणाली, आणि झोपेपर्यंत एकच प्रश्न, ८ कुठे गेला? उजवीकडे आहे, डावीकडे नाही. मी म्हटलं उद्या सांगते, तो उद्या अजून आलेला नाही.

वर सासरे म्हणाले की हे नंबर डोंबिवलीचे आहेत, यांना डेम्लो नंबर म्हणतात. आम्ही तिथेच राहतो, एवढी वर्षं रोज तिथून लोकल पकडते, कधी ऐकलं नव्हतं. तर तीन प्रश्न: दहाव्यालाच का मोडतं, ८ कुठे जातो, आणि डोंबिवलीचं खरं आहे का?

स्लो_लोकल
तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर मी आजच ऑफिसात सांगणार. रोज ऐकतो "एवढ्या लांबून येतोस?"

मास्तरीण
खिडकीवाली ताई, लेकीला कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगा आणि चौकटीच्या वहीत उभी मांडणी करायला सांगा. बत्तीस वर्षं दादरला पाचवी ते सातवीला गणित शिकवलंय, हे एकदा वहीत बघितलं की मूल विसरत नाही.

१११ गुणिले १११ म्हणजे काय, १११ तीन वेळा लिहायचं, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. आता उभ्या रांगा मोजा. उजवीकडच्या टोकाला एकच १, त्याच्या शेजारी दोन, मध्ये तीन, मग दोन, मग एक. म्हणून १२३२१. बेरीज करतोय असं वाटतं पण खरं म्हणजे आपण प्रत्येक रांगेत किती जण उभे आहेत ते फक्त मोजतोय. नऊ एकांना नऊ ओळी, मधल्या रांगेत नऊ जण, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत जातात. एकही हातचा येत नाही. सगळं सौंदर्य त्या "हातचा नाही" मध्ये आहे.

दहा एक घेतले की मधल्या रांगेत दहा जण होतात. आणि दहा एका घरात लिहिता येत नाहीत.

भांडुपकर
मास्तरीण बाईंनी मस्त सांगितलं. मी माझ्या मुलाला लोकलच्या भाषेत सांगेन, प्रत्येक घर म्हणजे एक बाकडं आणि त्यावर नऊच जण बसू शकतात. दहावा आला की अख्खं बाकडं उठतं आणि त्या दहांच्या बदल्यात एक जण डावीकडच्या बाकड्यावर जाऊन बसतो. ते बाकडं आधीच फुल असेल तर तेही उठतं. गर्दीत आपल्याकडे चौथी सीट मिळते, इथे ती सोय नाही.

गिरगावची_चकली
दहीहंडीचे नऊ थर म्हणा ना. दहावा चढवायला गेलं की खालपासून हलतं :)

भांडुपकर
@चकली, पण इथे कोसळल्यावर कोणाला लागत नाही, सगळे शेजारच्या घरात सुखरूप.

देवळालीकर
सासरेबुवांचं बरोबर आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचे. शाळा ठाण्याला, मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेज, तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ आमच्या देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. कागद, पेन्सिल आणि संख्या, एवढंच भांडवल.

जीआयपी रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनवर या प्रकारच्या संख्या त्यांच्या डोक्यात आल्या म्हणून त्यांनी नाव ठेवलं डेम्लो. १, १२१, १२३२१ ते १२३४५६७८९८७६५४३२१ यांना ते 'वंडरफुल डेम्लो' म्हणत, त्यावर त्यांचा लेख १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आला.

डेम्लोची मूळ व्याख्या मात्र वेगळी आहे, ती लेकीला नक्की दाखवा. संख्येचे तीन तुकडे करायचे. डावा आणि उजवा तुकडा सारख्या लांबीचे, त्यांची बेरीज केली की एकच आकडा पुन्हा पुन्हा यायला हवा आणि मधल्या तुकड्यातही तोच आकडा. १६५ घ्या, १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ घ्या, २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता तुमचा नंबर: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ बरोबर ९९९९९९९९. आणि मध्ये काय बसलंय? ९!

स्लो_लोकल
अंगावर काटा आला. खरंच.

बॅकऑफिस
या नंबरने मला एक जुनी गोष्ट आठवली. ताई, लेकीला हा नंबर एक्सेलमध्ये टाकायला सांगू नका, निदान साधा नंबर म्हणून तरी नको. एक्सेल पंधरा आकडेच लक्षात ठेवतो, पुढचे शून्य करतो. हा सतरा आकडी, म्हणजे टाकलात तर १२३४५६७८९८७६५४३०० होणार, शेवटचे २१ गायब. मी नोकरीला लागलो तेव्हा एका फाईलमध्ये सोळा आकडी खाते क्रमांक असेच नंबर म्हणून पेस्ट केले, सगळ्यांचा शेवटचा आकडा शून्य झाला आणि ते कोणाच्या लक्षात यायला अर्धा दिवस गेला. त्या रात्री शेवटची लोकल पकडली होती. तेव्हापासून कॉलम आधी 'टेक्स्ट' करतो, मगच हात लावतो.

बऱ्याच प्रोग्रॅममध्ये पण हेच. २ चा ५३वा घात ९००७१९९२५४७४०९९२, त्याच्या पुढे सगळ्या पूर्ण संख्या नेमक्या साठवता येत नाहीत. आपला नंबर विषम आहे आणि त्या हद्दीबाहेर, म्हणून ब्राउझरमध्ये टाकला तर शेवटी ३२० दिसतं, ३२१ नाही.

खिडकीवाली
बापरे, म्हणजे मोबाईलने बरोबर दाखवलं हे नशीब. वाचतेय सगळं, लोकलमध्ये आहे, रात्री लेकीला दाखवते.

प्रश्नचिन्ह
सगळ्यांच्या उत्साहाचा आदर आहे पण मला एक मत मांडायचंय. हे गणित नाही, आकड्यांची गंमत आहे. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून हे १ ते ९ दिसतं. संख्येचा स्वतःचा गुण तो जो कशाही पद्धतीने लिहिली तरी राहतो. हार्डीसारख्या गणितज्ञाने १९४० मध्ये अगदी असंच लिहिलंय, ८७१२ आणि ९८०१ या दोन चार आकडी संख्या उलट्या केल्यावर येणाऱ्या संख्येच्या पटीत असतात (२१७८ ची चौपट, १०८९ ची नऊपट) आणि यात गणितज्ञाला भावेल असं काही नाही. मुलांना याच्या नादी लावलं तर त्यांना वाटतं गणित म्हणजे जादूचे प्रयोग.

नऊचा_पाढा
@प्रश्नचिन्ह, मग लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नसलेलं सांगतो. अवयव पाडू.

१११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१ (तीन एकांचा डबा तीन वेळा जोडला). १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. तर नऊ एक = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि ३७, ३३३६६७ दोन्ही मूळ संख्या. आपला नंबर त्याचा वर्ग, म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजक किती? ५ × ३ × ३ = ४५. हे कुठल्याही पद्धतीने लिहा, ४५च राहतील.

आणि १ ते ९ ची बेरीजही ४५ :)

कळव्याहून
मला वाटायचं नुसते एक असलेली संख्या मूळ असणार, तिला कशाने भाग जाणार?

मास्तरीण
@कळव्याहून, नऊ एकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग गेलाच. एकांची संख्याच जर विभाज्य असेल तर ते सारख्या डब्यांत तुटतात, वर नऊचा_पाढा यांनी तेच केलंय. ११ मूळ आहे. त्याच्या पुढची थेट १९ एकांची, मग २३, मग ३१७, मग १०३१. पण एकांची संख्या मूळ असली म्हणजे झालं असंही नाही, १११ बघा, तीन एक, तरी ३७ ने भाग जातो.

डोंबिवली_ईस्ट
धागा उशिरा बघितला. अभिमान वाटला. मुंबईचं नाव गणितात गेलं.

ठाणेकर_जुना
डोंबिवली मुंबईत कधीपासून?

डोंबिवली_ईस्ट
सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, काका.

विक्रोळीची_सून
😂😂 हा वाद इथे नको, चारशे प्रतिसाद होतील आणि नंबर बाजूला राहील.

आजोबा_गिरगाव
मी जरा वेगळं सांगतो. हा नंबर वाचायचा कसा? आजच्या पद्धतीने "एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस". कोटीचे कोटी, कानाला बरं वाटत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत प्रत्येक घराला स्वतंत्र नाव आहे. माझ्या वडिलांनी आम्हाला चाळीच्या गॅलरीत बसवून पाठ करून घेतली होती: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. ही अठरा घरं, आपला नंबर सतरा आकडी. म्हणजे तो या नावांत बरोबर मावतो, एकटं परार्ध रिकामं राहतं. मग वाचा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मोठ्याने म्हणून बघा. मला हे लिहिताना वडिलांचा आवाज ऐकू आला.

गिरगावची_चकली
आजोबा, मी आत्ता स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलं. नऊ अर्बुदला शिखरावर पोचल्यासारखं वाटतं.

जुनी_वही
आजोबांच्या पोस्टला जोडून. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी असल्या संख्या हाताळल्यात. १२३४५६५४३२१ ही संख्या त्यांनी शब्दांत कशी सांगितली, तर एकपासून सहापर्यंत आणि मग क्रमाने उतरत जाणारी. सहा एकांचा वर्ग! हजार वर्षांपूर्वीच कोणाला तरी ही चढउतार आवडली होती.

प्रश्नचिन्ह
आजोबा आणि जुनी_वही, दोन्ही आवडलं. पण माझा मुद्दा राहतोच.

नऊचा_पाढा
मग तुमच्याच मुद्द्यावर येतो. दहा बोटांऐवजी आठ बोटं असती तर? आठच्या पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ लिहिला जातो. सोळाच्या पद्धतीत पंधरा एकांचा वर्ग पंधरापर्यंत चढतो आणि उतरतो. म्हणजे हे दहाचं नाही, जी पद्धत घ्याल तिच्यात एक कमी इतके एक घ्या, शिखर बरोबर शेवटच्या आकड्यावर येतं. आकड्यांचा रंग बदलतो, डोंगर तोच.

प्रश्नचिन्ह
हे मान्य. प्रामाणिकपणे सांगतो, हा विचार केला नव्हता. तुम्ही "१ ते ९" ची गोष्ट सांगत नाही, रांगा मोजण्याची सांगताय.

विक्रोळीची_सून
दोन फासे घेऊन व्यापार खेळलोय सगळे. बेरीज २ येण्याचा एक मार्ग, ३ चे दोन, ४ चे तीन, असं करत ७ चे सहा, मग परत कमी होत १२ चा एक. म्हणजे १,२,३,४,५,६,५,४,३,२,१. महावीराचार्यांचा नंबरच झाला की! आत्ता वाचता वाचता लक्षात आलं, बरोबर आहे ना?

मास्तरीण
अगदी बरोबर, आणि योगायोग नाही. पहिल्या फाशाचे सहा पर्याय म्हणजे सहा ओळी, दुसऱ्याचे सहा म्हणजे प्रत्येक ओळीतले सहा एक, सारखी बेरीज येणारे सगळे एका उभ्या रांगेत. शाबास. शाळेत असताना मला हे सुचलं असतं तर वर्गात दोन फासे नेले असते.

नऊचा_पाढा
अजून एक, कापरेकरांसाठी. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो त्या संख्येला त्यांनी नाव दिलं हर्षद, आनंद देणारी. आपल्या नंबरच्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने भाग जातो, उत्तर १५२४१५७८९९७१०४१, जो स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे हा नंबर डेम्लोही आणि हर्षदही. भागायच्या ऐवजी ८१ ने गुणलं तर ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. हे सगळं कागदावर करून बघितलं, दोन वेळा.

खिडकीवाली
मंडळी, काल रात्री तिने वहीत दहा ओळी मांडल्या. दहाव्याला का मोडतं ते तिचं तिला कळलं, मला बोलूच दिलं नाही. पण ८ चं अजून अडलंय. "दहाचं घर मधलं आहे, ८ तर दोन घरं लांब, त्याला काय झालं?"

मास्तरीण
छान प्रश्न विचारला पोरीने. मधल्या घरात १०: शून्य लिहिलं, हातचा १. डावीकडच्या घरात ९ होते, त्यात हातचा मिळून १०: परत शून्य, परत हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होते, हातचा मिळून ९. इथे थांबलं, कारण ९ एका घरात मावतात. तर ८ कुठेही गेला नाही, त्याच्या घरावर ९ ची पाटी लागली. आणि जो ९ होता त्याचा शून्य झाला. उजवीकडचा ८ सुरक्षित, कारण हातचा कधीच उजवीकडे जात नाही.

भांडुपकर
म्हणजे माझी दोन बाकडी उठली आणि तिसऱ्यावर जागा मिळाली.

मास्तरीण
हो, तसंच. आणि हे तिला पुढे कधीतरी उपयोगी पडेल: १ ला ८१ ने भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... येतं. तिथेही ८ नसतो, कारण तेच.

खिडकीवाली
आज सकाळी वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं, मग म्हणाली मग हा मोडलेला नाही, नुसता हातचा आहे. शाळेतून आल्यावर देवळालीकर काकांचं तुकड्यांचं करून बघत होती, दहा एकांच्या उत्तरावर. डावीकडचे नऊ आकडे १२३४५६७९०, उजवीकडचे नऊ ९८७६५४३२१, मधे ०. बेरीज केली आणि मला ऑफिसात फोन. १११११११११११! मग मी मोजायला लावलं, तर दहाच एक होते, आनंदात एक जास्त लिहिला होता. १११११११११११ नाही, ११११११११११. डेम्लो होत नाही ना पण? मध्ये १ हवा, ० आहे.

देवळालीकर
डेम्लो होत नाही, बरोबर. पण ताई तिने काय केलंय बघा!! ज्या संख्येचा वर्ग केला, त्याच वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली आणि तीच संख्या परत आली. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, २० अधिक २५ म्हणजे ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. दहा एक ही कापरेकर संख्या आहे. नऊ एक नाही!

नऊचा_पाढा
आत्ता तपासलं. नुसत्या एकांच्या संख्या घेतल्या तर (एकटा १ सोडून) हे १० एकांना होतं, मग १९ ला, मग २८ ला, दर नऊ पावलांनी. आणि डेम्लोचा नियम तुटतो तोही याच जागांवर.

प्रश्नचिन्ह
लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. हे गणित आहे.

खिडकीवाली
सांगितलं. तिने आता १९ चं मांडायला घेतलंय, ३७ घरं लागतात म्हणून वही आडवी धरली आणि तरी दोन पानं जोडावी लागली, मी सेलोटेप शोधतेय. सासरे बाजूला बसून हातचे मोजतायत. झालं की उत्तर टाकते.

खिडकीवाली
साडेदहा वाजले. १२३४५६७९०१२३४५६७९००९८७६५४३२०९८७६५४३२१. कोणीतरी तपासा प्लीज, ती झोपायला तयार नाही.

मास्तरीण
तपासलं. एकही चूक नाही.